दोघे उठले

कोराडी
१४ नोव्हेंबर १९७७

सिस्टर रामटेके यांस,

तुम्ही मला ओळखणार नाही. म्हणूनच लिहितो आहे.

दसऱ्याच्या आधी तुमच्या प्रसूतिगृहात माझ्या पत्नीचे, प्रेमलता बुरडेचे, पहिले बाळंतपण झाले. मुलगा झाला. वरचा ओठ डावीकडे फाटलेला आणि टाळूला फट. एवढे सांगितल्यावर तुम्हाला बाळ आठवेल. बाप आठवणार नाही.

तुम्ही बाळ पहिल्यांदा ज्यांच्या हातात दिले ते आनंदराव पराते, माझे साडू. माझ्या पत्नीची थोरली बहीण शोभाताई, तिचे यजमान. इतवारीत त्यांचे भांड्यांचे दुकान आहे आणि माझी सासुरवाडी त्याच गल्लीत. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून प्रेमलता तिथे होती. मी इथे वीज केंद्रात बॉयलरवर होतो. निरोप पोचायला, बदली माणूस मिळायला आणि कोळशाच्या ट्रकांमागून बस नागपुरात शिरायला जो वेळ लागला, तेवढ्यात तुम्ही बाप ठरवून टाकला.

तुम्ही त्यांना बाजूला घेऊन बाळाविषयी समजावले. दूध कसे पाजायचे ते करून दाखवले. अभिनंदनही केले. हे मला त्यांच्याकडूनच कळले. ‘सिस्टर मलेच बाप समजून बसल्या गा,’ असे ते हसत सांगतात. भाऊबीजेच्या पंगतीत पुन्हा सांगितले. पंगत हसली. मीही हसलो.

मी आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘पुरुषांनी बाहेर थांबायचं.’ मी म्हणालो, मी बाप आहे. भेटीच्या वेळी मला थोडा वेळ आत सोडले. जाताना मी विचारले, बाळाला काय झाले आहे? तुम्ही म्हणालात, ‘घरी सगळं सांगितलं आहे.’

घरी म्हणजे कुणाला, एवढेच मला विचारायचे आहे.

विश्वनाथ बुरडे


नागपूर
२१ नोव्हेंबर १९७७

श्री. बुरडे यांस,

तुमचे पत्र आधी मेट्रनबाईंनी वाचले, मग माझ्यापुढे ठेवले. ‘तूच उत्तर दे,’ म्हणाल्या. म्हणून लिहिते.

पुरुषांना वॉर्डात सोडत नाहीत हा नियम मी केलेला नाही. आत बाया पाजत असतात, त्यांच्या अंगावर पदर असतो-नसतो. तुमच्या बाळाला ओढता येत नव्हते. ते भुकेने रडत होते आणि पाजले की ठसकत होते. बाळंतीण ग्लानीत होती. तिच्या आईचे हात कापत होते. मी दारात आले आणि विचारले, ‘बुरडेबाईंचं कोण आहे?’ एक माणूस पुढे झाला. त्याला मी तिथेच दारात, सगळ्यांदेखत शिकवले. नाते विचारत बसले असते तर बाळ उपाशी राहिले असते.

आता दुसरे. तुमच्या पत्राचा सूर मला ओळखीचा आहे. आमच्याकडे असे नवरे येतात. बाळाकडे पाहतात, मग दारातल्या माणसाकडे पाहतात, मग बाळंतिणीकडे. मी तुम्हाला स्पष्ट सांगते. तुमच्या साडूंनी माझ्यासमोर तुमच्या पत्नीकडे मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. चांगला माणूस आहे. असे ओठ असले की घरचे लोक दोष बाईच्या माथी मारतात. कुणी ग्रहणात भाजी चिरली म्हणतो, कुणी त्याहून वाईट बोलतो. त्या बोलणाऱ्यांत तुम्ही जाऊ नका.

कौसल्या रामटेके


कोराडी
२४ नोव्हेंबर १९७७

सिस्टर,

तुम्ही माझे पत्र चुकीचे वाचले.

प्रेमलतेवर माझा संशय नाही. असता तर सोपे झाले असते. तसल्या माणसाला काय म्हणायचे ते लोकांना ठाऊक आहे. मला जे होते आहे त्याला काय म्हणायचे ते मलाच माहीत नाही.

मला आनंदरावांचा हेवा वाटतो. बायकोमुळे नाही. त्यांच्या हातून दूध मुलाच्या घशाखाली उतरते, म्हणून.

त्यांनी दुकानातून चोचीचे चांदीचे बोंडले आणले आहे. सकाळी दुकान उघडायच्या आधी एकदा येतात, दुपारी एकदा, दिवेलागणीला एकदा. जमिनीवर मांडी घालून बसतात, मुलाला डाव्या हातावर उभे धरतात आणि गालाच्या आतल्या बाजूला थेंब सोडतात. गिळले की थांबतात. पुन्हा सोडतात. मधल्या वेळी सासूबाई आणि प्रेमलता पाजतात, पण त्यांच्याकडून निम्मे सांडते. आनंदरावांच्या चपला दारात वाजल्या की मुलगा रडायचा थांबतो. मी हे स्वतः पाहिले. ते त्याला ‘शेठ’ म्हणतात. आता सगळेच म्हणतात.

मी सुटीच्या दिवशी जातो. मला खुर्ची देतात. कोराडीहून आलेला जावई. चिनीमातीच्या कपात चहा, बशीत पोहे. सासरे समोर बसून वीज केंद्राच्या चिमणीची उंची विचारतात. आनंदरावही जावईच आहेत, पण गल्लीतले. त्यांना कुणी खुर्ची देत नाही. ते खाली बसतात आणि मुलगा त्यांच्या मांडीवर असतो. मी कप हातात धरून वरून पाहतो. एकदा मी खाली उतरून बसायला गेलो तर सासूबाई म्हणाल्या, ‘अहो जावईबापू, खाली काहून? चादर तरी टाकू द्या.’ चादर येईपर्यंत पाजून झाले होते.

आनंदरावांना मूल नाही. लग्नाला बरीच वर्षे झाली. म्हणून त्यांना कोणी काही म्हणत नाही, मीही म्हणू शकत नाही. मूल असलेला माणूस मात्र काही बोलला की कोत्या मनाचा ठरतो.

मी प्रेमलतेला म्हणालो, महिना उलटला, आता कोराडीला चल. ती म्हणाली, ‘तिथं त्याले पाजणारं कोण हाय?’ मी म्हणालो, तू आहेस, मी आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘वजन दहा पौंड होऊ द्या. ऑपरेशन होऊ द्या. मग पाहू.’ मग पाहू, असे तिने याआधी कधी म्हटले नव्हते.

तुम्ही जे आनंदरावांना शिकवले ते मला शिकवा.

विश्वनाथ बुरडे


नागपूर
१ डिसेंबर १९७७

श्री. बुरडे,

मी चुकीचे वाचले हे खरे. तुमचे पत्र घरी नेले आणि माझ्या यजमानांना विचारले, आपली सुजाता झाली तेव्हा तुम्हाला कोणी काय सांगितले होते? ते मिलमध्ये आहेत, कमी बोलतात. म्हणाले, ‘मले दवाखान्यासमोरच्या चहावाल्यानं सांगितलं. म्हणे, रामटेके, पोरगी हाय, दोघी चांगल्या हायेत, चहाचे पैसे राहू दे.’ मी इतकी वर्षे नर्स आहे, आणि माझ्या नवऱ्याला चहावाल्याने सांगितले होते.

आम्ही बापांशी बोलत नाही असे नाही. गेली दोन वर्षे बोलत होतो. वरून हुकूम होता. प्रत्येक बापाला गाठून एकच विचारायचे, ऑपरेशन कधी करून घेता? त्यांचे स्वतःचे ऑपरेशन, नसबंदीचे. मी बाहेर आले की पुरुष जिना उतरून जायचे. बाळ कसे आहे हे विचारायलाही थांबत नसत. ते सरकार गेले, हुकूम गेला. पण बापाशी दुसरे काय बोलायचे हे मात्र कोणी सांगितलेले नाही.

आता तुम्ही एक गोष्ट दोन्ही पत्रांत लिहिलेली नाही. ती मी लिहिते. तुम्हाला मी आता ओळखले.

भेटीच्या वेळी तुम्ही आत आलात. कपड्यांना कोळशाचा वास होता. बाळ पाळण्यात होते. तुम्ही वाकलात आणि मागे सरकलात. इतके की तुमची पाठ औषधांच्या ट्रॉलीला लागली आणि बाटल्या वाजल्या. तुमच्या पत्नी जाग्या होत्या. त्या बाळाकडे पाहत नव्हत्या, तुमच्याकडे पाहत होत्या. मी मनात म्हटले, हा पुन्हा यायचा नाही. म्हणून ‘घरी सांगितलं आहे’ म्हणाले. दारातल्या माणसावर भरवसा ठेवला.

हे वाचून तुम्हाला राग येईल. पण पुढचेही वाचा. आनंदरावांनाही मी एकदम बाळ दाखवले असते तर तेही सरकले असते. मी त्यांना आधी सांगितले होते. ओठ असा आहे, नाक एका बाजूला बसलेले दिसेल, घाबरू नका, हे शिवता येते, मूल हुशार निघते. मग दुपटे बाजूला केले. तुम्हाला कोणी काही सांगितले नाही. तुम्ही आधी चेहरा पाहिला.

बुधवारी दुपारी वजनखोली रिकामी असते. या. मागच्या दाराने या, मेट्रनबाई पुढे बसतात.

कौसल्या रामटेके


कोराडी
१२ डिसेंबर १९७७

सिस्टर,

हो. सरकलो.

बाटल्या वाजल्या ते मला आठवते. ती पाहत होती हे मला माहीत नव्हते. ती झोपली आहे असे समजून मी गेले दोन महिने जगलो.

बुधवारी तुम्ही शिकवले ते सगळे लक्षात आहे. बाळाऐवजी टॉवेलची गुंडाळी डाव्या हातावर, मान उंच, उजव्या हातात चमचा. तुम्ही मला तोंड उघडे ठेवून पाणी गिळायला लावलेत आणि ते गिळता येईना. पाणी शर्टावर सांडले तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘तुमच्या लेकराचं रोज असं होते.’ त्या क्षणी मला मुलाची जी ओळख झाली ती खुर्चीवर बसून झाली नव्हती.

काल रविवार होता. मी इतवारीत गेलो. आनंदराव पाजायला बसले होते. मी म्हणालो, आज मी पाजतो.

ते लगेच सरकले. ‘घ्या न साडूभाऊ, घ्या. तुमचंच पोरगं हाय.’ सगळ्यांसमोर असे म्हणाले. माझे मूल माझे आहे अशी त्यांनी मला परवानगी दिली.

मी खाली बसलो. चादर आणू दिली नाही. मुलाला घेतले, बोंडले बाजूला ठेवून खिशातला चमचा काढला. पहिला घोट गेला. दुसरा गेला. आनंदराव माझ्या खांद्यामागे उभे होते. ‘जरा उजवीकडून,’ म्हणाले. मग, ‘घाई करून राहिले तुम्ही.’ मग, ‘नाही, नाही, करा, तुम्ही करा.’ तिसऱ्या घोटाला दूध नाकातून आले आणि मुलगा ठसकला.

सासूबाई ओरडल्या, ‘अवं प्रेमा, धर वं त्याले! जीव जाईल!’ नाकातून दूध येते, घाबरायचे नाही, पुढे वाकवून थांबायचे, हे तुम्ही सांगितले होते. मला आठवत होते. मी तोंडाने म्हणालोही, काही नाही, येते असे. कोणी ऐकले नाही. मग माझ्या हातांनीही ऐकले नाही. मी मूल वर धरले. प्रेमलतेकडे नाही, आनंदरावांकडे. मीच दिले.

त्यांनी त्याला पुढे वाकवले, थांबले, पाठीवरून हात फिरवला. ‘काही नाही, येते असं,’ ते म्हणाले. तेच शब्द. सगळे शांत झाले.

बसमध्ये मला एक गोष्ट कळली. त्यांना तुम्ही सगळ्यांसमोर शिकवले होते. सासूबाईंनी पाहिले, शोभाताईंनी पाहिले. मला मागच्या दाराने बोलावून एकट्याला शिकवले. मला येते हे फक्त तुम्हाला माहीत आहे. त्या घरात मी अजून खुर्चीवरचाच आहे.

यापुढे मी इतवारीत जाणार नाही असे ठरवतो आहे.

विश्वनाथ


नागपूर
१५ डिसेंबर १९७७

विश्वनाथराव,

असे ठरवू नका. न येणारा बाप, एवढेच त्यांनी तुम्हाला म्हणायचे राहिले आहे.

मागचे दार ही माझी चूक. मेट्रनबाईंशी बोलले. म्हणाल्या, ‘पुरुषांना वजनखोलीत घेतलं तर उद्या ते बाळंतिणींच्या खोलीतही येतील.’ मी म्हणाले, बाई, येऊ द्या की, तेही बाळाचे कोणी तरी आहेत. त्या हसल्या. मग म्हणाल्या, एकदा करून पाहा.

येत्या बुधवारी तुमच्या बाळाचे वजन आहे. मी निरोप पाठवला आहे. बाळाची आई, आजी आणि रोज पाजणारे जे कोणी असतील ते सगळे यावेत. तुम्ही रजा काढून या. पुढच्या दाराने. मी सगळ्यांसमोर विचारीन, बाळाचे वडील कोण? तुम्ही उभे राहायचे. पुढचे माझ्यावर सोपवा.

आणि ठसकल्यावर मूल दुसऱ्याकडे देणे म्हणजे हरणे नाही. पहिल्या दिवशी आनंदरावांनीही बाळ माझ्याकडे दिले होते. हे ते पंगतीत सांगत नसतील.

कौसल्या रामटेके


कोराडी
९ जानेवारी १९७८

सिस्टर,

पत्राचा पत्ता पाहिलात तर तो तोच आहे, पण आता या पत्त्यावर तिघे आहेत. पौष लागायच्या आत प्रेमलता आणि मुलगा कोराडीला आले.

त्या बुधवारी तुम्ही वजनाचा काटा बसवत होता, म्हणून तुम्ही बहुधा पाहिले नसेल. तुम्ही विचारलेत, ‘बाळाचे वडील कोण?’ आणि बाकावरून दोघे उठले.

मी उठलो. माझ्या शेजारी आनंदराव उठले. त्यांनी मुद्दाम केले नाही. ते वर्गात हजेरी दिल्यासारखे सवयीने उठले. मग त्यांना कळले. ते तसेच उभे राहिले, टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली, जणू त्यासाठीच उठले होते, आणि खाली बसले. कोणी हसले नाही. त्या क्षणाची मी दोन महिने वाट पाहत होतो. तो आला तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिले नाही. पण मला बरे वाटले. खोटे कशाला लिहू, फार बरे वाटले.

तुम्ही मला सगळ्यांसमोर पाजायला लावलेत. दूध नाकातून आले तेव्हा तुम्ही सासूबाईंचा हात धरून म्हणालात, ‘थांबा आजी, त्यांना येते ते.’ एवढेच. त्या वाक्याने मी त्या घरात खुर्चीवरून खाली उतरलो. मग ऑपरेशनविषयी बोलताना तुम्ही एकदा प्रेमलतेकडे पाहत होता, एकदा माझ्याकडे. मी मोजत होतो असे नाही, पण मला दिसत होते.

परत जाताना प्रेमलता आणि मी जरा मागे राहिलो. ती म्हणाली, ‘त्या दिवशी तुम्ही काहून मागं सरकले होते?’

मी म्हणालो, ‘मले कोणी काही सांगितलं नव्हतं.’

ती म्हणाली, ‘मले तरी कोणी सांगितलं होतं? मी त्याले तुमच्याआधी दोन घंटे पाहून राहिली होती. एकटी.’

  थोडे पुढे गेल्यावर तिने मूल माझ्याकडे दिले आणि पदर सावरला. पदर सावरून झाल्यावर परत मागितले नाही.

आता वाईट गोष्ट. ती तुम्हालाच लिहिता येते.

काल आनंदराव आले. बसने, दुकान बंद ठेवून. शोभाताई नव्हत्या. हातात बर्फीचा पुडा. आमच्या क्वार्टरमध्ये एकच खुर्ची आहे, ती मी त्यांना दिली. प्रेमलतेने चांगल्या कपात चहा दिला. ते खुर्चीच्या कडेवर बसले. मी खाली बसून मुलाला पाजत होतो. ते वरून पाहत होते. मी ती नजर ओळखतो.

‘किती पिऊन राहिला आता शेठ?’ त्यांनी विचारले.

‘पितो,’ मी म्हणालो.

‘वजन?’

‘बरं आहे.’

‘अजून नाकातून येते का गा?’

‘कधी कधी.’

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, ‘मोठ्या दवाखान्यातून तारीख भेटली का?’

मी म्हणालो, अजून ठरायची आहे.

तारीख ठरली आहे. गुरुवार, १९. प्रेमलता आत होती, तिने ऐकले नाही. ते म्हणाले, ‘ठरली की कळवा बरं.’ मी हो म्हणालो. बस येईपर्यंत त्यांच्याबरोबर उभाही राहिलो.

तुम्ही मला काही सांगितले नाही, अशी तक्रार घेऊन मी तुमच्याकडे आलो होतो. हे मला दिसते. तरी त्यांना तारीख सांगावीशी वाटत नाही. डॉक्टर बाहेर येऊन विचारतील, तेव्हा मला शेजारी दुसरा कोणी उठायला नको आहे.

विश्वनाथ


नागपूर
१३ जानेवारी १९७८

विश्वनाथराव,

तुमचे पत्र मंगळवारी मिळाले. बुधवारी आनंदराव वजनखोलीत आले. हातात बाळ नव्हते. काट्याजवळ उभे राहिले. म्हणाले, ‘सहज आलो होतो सिस्टर.’ वजनखोलीत सहज कोणी येत नाही.

त्यांनी तारीख विचारली. मी सांगितली.

तुम्ही विश्वासाने लिहिले होते, ते मी त्यांना कळू दिले नाही. मोठ्या दवाखान्याची यादी आमच्याकडे येते, एवढेच म्हणाले. पण मी विचार न करता सांगितले असे समजू नका. रात्रभर नाही केला, पण केला. त्या बाळाला पहिले दोन महिने त्यांनी जगवले. तुमचा बाप होण्याचा हक्क मी सगळ्यांसमोर दिला, पण त्यांचा काढून घ्यायचा म्हणून नाही. मी त्यांना दुसरा शब्द द्यायला विसरले, हीच माझी चूक. वडील कोण विचारून थांबले. रोज पाजत कोण होते, हेही विचारायला हवे होते, म्हणजे त्यांनाही उभे राहता आले असते.

गुरुवारी ते येतील. तिथे मी नसणार. ते दवाखाने मोठे आहेत, तिथे सिस्टरना श्वास घ्यायला फुरसत नसते. तुमच्याशी कोणी नीट बोलेलच असे नाही. म्हणून तुम्हा दोघांना आत्ताच सांगून ठेवते, प्रेमलताबाईंनाही वाचून दाखवा. ओठावर काळे टाके दिसतील. सूज असेल. नाकाशी रक्त वाळलेले असेल. हात तोंडाकडे जाऊ नयेत म्हणून दोन्ही कोपरांना पुठ्ठे बांधलेले असतील, ते पाहून जीव तुटतो, पण दुखत नाही. आवाज बसलेला असेल. भूक लागलेली असेल. टाळूचे काम पुढे आहे, दीड वर्षाने.

आनंदरावांना हे मी सांगितलेले नाही.

जयभीम.

कौसल्या रामटेके


नागपूर, मोठा दवाखाना
२० जानेवारी १९७८

सिस्टर,

जिन्याखालच्या बाकावर बसून लिहितो आहे. ऑपरेशन काल सकाळी झाले. मुलगा ठीक आहे.

तुमच्यावर रागावलो होतो. तुमचे पत्र प्रेमलतेला वाचून दाखवले आणि तारखेचा भाग गाळला. तिने कागद घेतला आणि तो भागही वाचला.  मुलाला माझ्या मांडीवर ठेवून भात लावायला गेली.

काल डॉक्टर बाहेर आले. तरुण आहेत, घाईत होते. ‘बुरडे कोण?’ असे त्यांनी विचारले. वडील कोण असे नाही. मी उठलो. आनंदराव भिंतीशी उभे होते, ते हलले नाहीत. ते भिंतीवरची मलेरियाची जाहिरात वाचत होते. डॉक्टर चालता चालता बोलले, मी त्यांच्याबरोबर चालत ऐकले. तुम्ही लिहिलेलेच होते, म्हणून समजले. नाही तर त्या वेगात काही समजले नसते.

मग वॉर्डबॉयने सांगितले, आईजवळ एकालाच सोडतो.

मी परत आलो. आनंदरावांनी जाहिरातीवरची नजर काढली. ‘कसा दिसते गा?’ म्हणाले. आवाज अगदी हलका होता. प्रत्येक वेळी शेठ म्हणतात, काल म्हणाले नाहीत.

मी अजून पाहिले नव्हते, पण तुम्ही लिहिलेले त्यांना सांगितले. टाके काळे आहेत. सूज आहे. नाकाशी रक्त आहे, वाळलेले. हातांना पुठ्ठे बांधलेत, दुखत नाही. हळू सांगितले. एक एक सांगून थांबत होतो. ते डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. पुठ्ठ्यांचे ऐकून त्यांनी माझी बाही धरली. मी थांबलो. ते म्हणाले, ‘सांगा, सांगा.’

सगळे सांगून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. आता ते पाहू शकले असते. मागे सरकले नसते. हे आम्हा दोघांनाही कळत होते. दार उघडे होते, वॉर्डबॉय पाहत होता, आणि एकालाच सोडणार होता. त्यांनी पाऊल उचलले नाही. माझ्याकडे पाहिले. मी एवढे म्हटले असते तरी पुरे होते की, तुम्ही आधी जा, मी मग जातो.

मी आत गेलो.

त्याचा आवाज खरेच बसला होता. प्रेमलतेने वाटी धरली, मी चमच्याने पाजले. बाहेर आनंदराव संध्याकाळपर्यंत थांबले. शेवटी प्रेमलता उठून बाहेर गेली आणि तिने त्यांना आत पाठवले. तिने केले ते मी करायला हवे होते, हे मला ठाऊक आहे. पण आत जाताना मला वाईट वाटले नाही, सिस्टर. तुम्ही विचारले नाही तरी सांगतो.

विश्वनाथ